दुखानच्या मैदानावरचा हुकूम

काल इथे आखातात, शहरातल्या अल मुंतझा भागातल्या बूट दुरुस्तीच्या दुकानात काळ्या पॉलिशचा वास आला आणि जिथे कवायतीसाठी आम्ही बूट चमकवून जायचो ते दुखानचे मैदान डोळ्यांपुढे उभे राहिले. बासष्ट साली भारत-चीन युद्ध पेटले होते. दुखानच्या तेल कंपनीच्या वसाहतीतील आम्ही चौदा-पंधरा वर्षांची भारतीय मुले स्वेच्छेने पलटण उभारून कवायत करत होतो. शिकवत होते रत्नागिरीचे निवृत्त हवालदार हसनचाचा. त्या वेळी ते कंपनीत पहारेकरी होते. बंदुकांच्या जागी खजुराच्या फांद्यांचे दांडे होते.

एका संध्याकाळी कंपनीचा गोरा साहेब आला. शस्त्रासारखी वस्तू पुन्हा दिसली तर हवालदाराची नोकरी जाईल, असे बजावून त्याने दांडे जप्त केले आणि तिथेच उभा राहिला.

मी संतापून म्हणालो, "चाचा, बंदी दांड्यांवर आहे. कवायतीवर नाही!"

"वकिला, तुझी सनद कुठाय रं?" चाचा पुटपुटले. पोरे फिदीफिदी हसली.

चाचांनी साहेबाकडे एकदा पाहिले, टाचा जुळवल्या आणि ते गरजले, "कंधे शस्त्र!"

आमचे रिकामे हात एकदम खांद्याशी गेले. साहेब रांगेतून एकेकाचे हात न्याहाळत फिरला. जप्त करण्यासारखे काहीच नव्हते; तो निघून गेला.

कायद्याचा मुद्दा माझा, याचा मला वर्षानुवर्षे अभिमान वाटे. आज कळते, गावाकडचे सारे घर ज्या पगारावर जेवत होते तो पणाला लावून हुकूम चाचांनी दिला होता. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेने त्या कवायतीलाच 'पोरखेळ' म्हटले आहे. मी लेखी हरकत घेतली आहे; दुरुस्ती छापली जाईपर्यंत घेत राहीन.