सोप्या कराचं जाड पुस्तक

भिंगरीचा दिवस पहाटे चारला सुरू होई, आणि तोही खळीसाठी. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात पुठ्ठा चिकटवायला पिठाची खळ लागते. ती मंद आचेवर ढवळत शिजवायची आणि गार व्हायला सोडायची. घाईच्या खळीत गुठळ्या होतात, आणि गुठळीवर बसलेलं पुस्तक जन्मभर पाठीत बाक घेऊन फिरतं. हे काम भिंगरीला कुणी दिलं नव्हतं. दुसरं कुणी वेळेवर उठत नसे, एवढंच.

तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं. छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की त्याचा फर्मा होतो. फर्म्यांचे ढीग लांब टेबलावर ओळीने मांडायचे, टेबलाभोवती फिरत प्रत्येक ढिगातला एक उचलायचा, आणि फेरी पुरी झाली की हातात पुस्तक पुरं. बाकीचे चालत. ही टाचेवर गिरकी घेई. म्हणून भिंगरी.

त्या वर्षी तिच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. दातांच्या डॉक्टरांनी माप घेऊन कवळी तयार ठेवली होती. वरची वेगळी, खालची वेगळी, आणि दोन्हींचे पैसेही वेगळे. पैसे मोजल्याशिवाय डॉक्टर डबी उघडून दाखवायलाही तयार नव्हते. तोवर बिस्किट चहात, पाव दुधात, आणि भाजलेले शेंगदाणे नवऱ्याच्या तोंडात, तिच्या डोळ्यांदेखत.

नवरा रस्त्याचा रोलर चालवून निवृत्त झालेला. सावकाश चावायचा.

"कुटून देऊ का गं थोडे?"

"कुटलेलं म्हाताऱ्या माणसांना देतात."

"आणि तू कोण?"

"मी दात नसलेली तरुण बाई आहे. या महिन्यात वरची कवळी येतेच आहे."

"आणि खालची?"

"ते वरच्याच्या हातात."

अशा दिवसांत कारखान्यात केंद्र सरकारचं काम आलं. नवा करकायदा यायचा होता. अजून मंजूर नव्हता, नुसतं विधेयक होतं, आणि संसदेतल्या प्रत्येक सभासदाला त्याची बांधलेली प्रत हवी होती. पहिल्या पानावर ठळक छापलं होतं : करपद्धती सोपी व न्याय्य करण्याबाबतचे विधेयक.

टेम्पो रिकामा होता होईना. टेबल भरलं. मग बाकं भरली, खिडक्यांचे कट्टे भरले. मालकाच्या मेजावरचा पंखा खाली ठेवून तिथे ढीग लावला. उरलेले फर्मे दाराबाहेर, अंगणातल्या नळापर्यंत गेले. एक पुस्तक गोळा करायचं म्हणजे टेबलाला वळसा, मालकाच्या खुर्चीमागून, उंबरा ओलांडून नळाला प्रदक्षिणा आणि परत. पहिली फेरी घालून भिंगरी आली तेव्हा प्रत तिच्या हनुवटीला टेकली होती.

"मालक, याला दर काय?"

"नेहमीचाच, मावशी. पुस्तकामागे."

"हे पुस्तक आहे? हे दाराला लावलं तर वाऱ्याची टाप नाही दार हलवायची."

"पातळ असो, जाड असो. एक पुस्तक, एक दर. हिशेब सोपा."

"सोपा तुम्हाला. पाय माझे आहेत."

मालक वाईट नव्हता, पण धूर्त होता. त्याने बाकीच्या तिघांनाही बोलावलं. शिलाई करणारी सुईवाली, भिंगरीच्याच वयाची. कटिंग मशीनवरचा अर्धाबोट, ज्याची तर्जनी मधल्या पेरापाशी संपत होती. आणि गठ्ठे बांधून तळघरातल्या गोदामाचा जिना उतरणारा शिडी, हे नाव उंचीमुळे.

"नेहमीच्या दुप्पट रक्कम देतो," मालक म्हणाला. "एकगठ्ठा. वाटणी तुमची तुम्ही करा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चौघांचं एकमत झालं तर दुप्पट, नाही झालं तर नेहमीचा दर. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

तो हसत आत गेला. त्याला माणसं ओळखता येत.

भिंगरीने मनात वाटणी करून पाहिली. चौघांना सारखं, तर वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या. तिने जीभ हिरड्यांवरून एकदा फिरवली.

"चौघांना सारखं," ती म्हणाली. "संपलं."

"संपलं कसं?" अर्धाबोट म्हणाला. "एरवी मी दोन-दोन पुस्तकं एका दाबात कापतो. हे एकेकच बसतं मशीनमध्ये. शिवाय माझं बोट."

"बोट कधी गेलं तुझं?"

"लग्नाआधी."

"मग त्याचा या पुस्तकाशी काय संबंध?"

"दुखतं अजून."

"कधी दुखतं?"

"दराची गोष्ट निघाली की."

तरी त्याचं म्हणणं भिंगरीने एका रद्दी पुठ्ठ्यावर लिहून घेतलं, कारण ऐकायला ते बरोबर वाटत होतं. शिडीचंही बरोबर वाटलं. उंच माणसाला गठ्ठा उचलायला जास्त वाकावं लागतं. सुईवालीचंही. जाड पुस्तकाच्या पाठीत सुया मोडतात. मग भिंगरीला आपली खळ आठवली, पहाटेची. ती लिहिली. शिडी म्हणाला, जिना दमट असला तर वेगळा दर हवा. अर्धाबोट म्हणाला, जिन्याला वेगळा तर पात्याला धार लावण्यालाही वेगळा. सुईवाली म्हणाली, ज्यांची पोरं लहान त्यांना काही जास्त नाही का? शिडी म्हणाला, आणि ज्यांना पोरंच नाहीत त्यांनी काय पाप केलं?

पुठ्ठा एका बाजूने भरला. उलटला. दुसऱ्या बाजूनेही भरला. शेवटी कडेच्या जागेत भिंगरी उभं लिहायला लागली तेव्हा सुईवालीला हसू फुटलं. तिने शेजारच्या ढिगातला एक फर्मा उघडून पुठ्ठ्याशेजारी धरला. विधेयकात प्रत्येक कलमाखाली एकच सुरुवात होती : परंतु असे की. परंतु असे की, विधवांस. परंतु असे की, पुरात नुकसान झालेल्यांस. परंतु आणखी असे की.

"बघ गं," ती म्हणाली. "आपलं आणि त्यांचं अक्षर तेवढं वेगळं."

"म्हणजे या प्रत्येक परंतुमागे एकेक अर्धाबोट बसलाय," शिडी म्हणाला.

मग चौघंही सुटले. ढिगाढिगात परंतु शोधायला लागले, मोठ्याने वाचायला लागले. सापडेल त्याला टाळी. मच्छीमारांची जाळी निघाली, ती सगळ्यांना पटली. आंधळ्यांच्या काठ्या पटल्या. नळापाशी शर्यतीच्या घोड्यांची झीज निघाली.

"घोडा झिजतो?"

"मालक झिजत नाही, त्यापेक्षा बरं."

"म्हणजे जाळीवाला आणि घोडेवाला एकाच माळेत," सुईवाली म्हणाली. "लिहिलेलं तर दोघांचंही सारखंच दिसतं. खरा कोण ते ओळखायचं कसं?"

भिंगरी हसायची थांबली. प्रश्न खरा होता, सुट्टीची वेळ जवळ येत होती, आणि खालची कवळी त्या पुठ्ठ्यावर लटकत होती.

"करून बघायचं," ती म्हणाली. "ज्याने जास्त मागितलंय त्याचं काम दुसऱ्याने करायचं. त्याला पटलं तर ठेवायचं. नाही पटलं तर खोडायचं."

आणि कारखाना उलटापालटा झाला. अर्धाबोट गठ्ठे घेऊन जिना उतरला, वर आला आणि म्हणाला, "वजन तेवढंच. जाड पुस्तकं गठ्ठ्यात कमी बसतात, बस. खोडा." शिडीने मशीनचं चाक फिरवलं, दांडा ओढला, एक पुस्तक स्वच्छ कापलं. "वेळ दुप्पट लागतो, पण दुप्पट रक्कम मिळतेच आहे. खोडा." सुईवालीने फेऱ्या घेतल्या. टेबल, खुर्ची, उंबरा, नळ. पुन्हा नळ, उंबरा, खुर्ची. कितव्यातरी फेरीला ती फर्म्याऐवजी मालकाची वही उचलून आली आणि अंगणात बसकण मारून आधाराला आकाश धरायला गेली.

"हिला जास्त द्या," ती म्हणाली. "अजून फिरतंय सगळं."

"मला नाही फिरत," भिंगरी म्हणाली. "माझ्याही फेऱ्या दुप्पटच लांबल्यात, जास्त नाही. आणि खळ तेवढीच लागते. खोडा."

मग ती शिलाईला बसली. पहिले काही फर्मे ठीक गेले. पुढे दोऱ्याने पाठ फुगायला लागली. सुई रेटायला खांदा लावावा लागला, प्रत्येक टाक्याला लाकडी हातोडीने पाठ ठोकून बसवावी लागली. सुई मोडली. दुसरी घेतली, ती अंगठ्यात गेली. बाकी सगळ्यांचं काम दुप्पट झालं होतं. हे दुपटीवर थांबलं नव्हतं.

तिने अर्धं शिवलेलं पुस्तक मांडीवर घेऊन मनात पुन्हा वाटणी केली. सुईवालीला जास्त द्यायचं म्हणजे ते बाकी तिघांच्या वाट्यातून जाणार. शिडीचं त्यात फार अडणार नव्हतं, अर्धाबोटचंही नाही. भिंगरीचे दात जाणार होते.

"अगं, राहू दे," सुईवाली म्हणाली. "मी कधीपासून शिवतेय. सवय आहे मला."

"सवय आहे म्हणून सुई मऊ होते का?" भिंगरी म्हणाली. तिने पुठ्ठा ओढला आणि स्वतः लिहिलं.

भांडण ऐकायला मालक सुट्टीच्या जरा आधीच आला. शिडी हातोडीने पुस्तक ठोकत होता, अर्धाबोट खळ ढवळत होता, सुईवाली भिंतीला धरून उभी होती. पुठ्ठ्यावर खाडाखोडीच्या जंगलात दोनच ओळी उरल्या होत्या : चौघांना सारखं. परंतु असे की, शिलाईला सव्वापट.

"एवढंच?"

"एवढंच."

मालकाने चौघांची तोंडं न्याहाळली. एकाही तोंडावर राग दिसेना. मग त्याने सही केली. सही करताना हात जड होता, पण शब्दाला जागला.

"संसदेतल्यांनाही असंच एकमेकांचं काम करायला लावलं असतं," जेवताना भिंगरी म्हणाली, "तर हे पुस्तक वहीएवढं झालं असतं."

"मग आपण काय बांधलं असतं?" अर्धाबोट म्हणाला. "वही? गप्प जेव."

पगाराच्या दिवशी भिंगरी वरची कवळी बसवून घरी आली. नवऱ्याने तिला दिव्याखाली उभं करून पाहिलं.

"देखणी दिसतेस. अर्धी."

"खालचीला थोडेच कमी पडले. पण डॉक्टर म्हणाले, थोडे म्हणजेही कमीच."

"आणि चावणार कशावर?"

"तुझ्या डोक्यावर."

वरचे दात नुसतेच खाली बघत राहिले. पाव दुधातच राहिला. सुईवालीने आपल्यातले पैसे पुढे केले, तर भिंगरीने तिला हाकलून दिलं. शिवलेल्याचे पैसे होते ते.

आणि संसदेत चर्चा सुरू झाली. जाळीवाल्यांचे लोक उठले, घोडेवाल्यांचे उठले, आणि ज्यांचं पहिल्या पुस्तकात नाव नव्हतं ते सगळे उठले. प्रत्येकाने दुरुस्ती मांडली. दुरुस्त्यांचा वेगळा खंड काढायचं ठरलं. टेम्पो पुन्हा दाराशी लागला. फर्मे टेबलावरून, बाकांवरून, उंबऱ्यावरून गेले, नळ ओलांडून फाटकापर्यंत पोचले.

मालक डोक्याला हात लावून उभा होता. भिंगरीने त्याला काही विचारलं नाही. तोच जुना पुठ्ठा तिने भिंतीवर खिळ्याला अडकवला आणि गिरकी घेऊन पहिल्या फेरीला निघाली.

त्या विधेयकाचं पुढे काय झालं ते कारखान्यात कुणाला नीट कळलं नाही. कुणी म्हणे समितीकडे गेलं, कुणी म्हणे अजून वाचतायत. भिंगरीला वरची कवळी त्या विधेयकाने दिली आणि खालची त्याच्या दुरुस्त्यांनी. दोन्ही चांगल्या घट्ट बसल्या.