दत्ताराम घाडी गॅलरी भरतो

दत्ताराम घाडीचं एक शास्त्र होतं. कबड्डी बघायला कुणीही येत नाही, असं तो म्हणायचा. आता कबड्डीच्या स्पर्धा भरवणाऱ्या माणसानंच असं म्हणावं म्हणजे झालं! पण दत्ताराम समोरच्याच्या छातीवर बोट ठोकत पुढे सांगायचा, "माणूस आपल्या माणसाला बघायला येतो रे. खेळ हे निमित्त!"

आणि हे शास्त्र तो नुसतं सांगायचा नाही, वापरायचा. अंधेरी पूर्वेच्या त्याच्या मंडळाच्या स्पर्धेत नाव नोंदवायला संघ आला की बाकीचे विचारायचे, कप किती जिंकलात? दत्ताराम विचारायचा, "आत्या-मावश्या कुठे राहतात?" जोगेश्वरीत पाच भाऊ आणि मरोळला सासुरवाडी असलेला साधा पकडपटू त्याला राज्य खेळलेल्या खेळाडूपेक्षा प्यारा. राज्य खेळलेला येतो एकटा, बॅग घेऊन. सासुरवाडीवाला येतो तो चाळीस तिकिटं घेऊन. लोक हसायचे, पण गॅलरी भरायची.

स्वतः दत्ताराम गिरणीच्या संघात डावा कोपरा सांभाळायचा. पुढे गुडघा गेला, मग संपात गिरणी गेली, आणि आता तो मरोळच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. उरली होती ती ही स्पर्धा. जानेवारी उजाडला की माणूस असा तरतरीत व्हायचा की बायको विमला म्हणायची, लग्नातसुद्धा तोंडावर एवढा उजेड नव्हता.

तर पंच्याऐंशी सालची गोष्ट. आदल्या वर्षी गॅलरी अर्धी रिकामी गेली होती. बांबू मोजावेत तशी माणसं मोजता येत होती. कारण सांगायला ज्योतिषी नको होता. घरोघर टीव्ही आले होते, त्यातले काही रंगीत, आणि रविवारी संध्याकाळी सिनेमा लागायचा. मंडळाचे सेक्रेटरी विद्याधर प्रधान बँकेत होते, सफारी घालायचे आणि स्पष्ट बोलायचे. ते म्हणाले, "दत्ताराम, पुढच्या वर्षीपासून मैदानावर ऑर्केस्ट्रा ठेवू. कबड्डी बास."

"यंदा बघा आणि मग बोला," दत्ताराम म्हणाला.

"बघतो. फायनलच्या शेवटच्या चढाईला गॅलरी भरलेली दिसली तर कबड्डी राहील. सुरुवातीला नाही हं, शेवटच्या चढाईला. तू काय, उद्घाटनाला बँड लावून माणसं गोळा करशील."

झालं. दत्तारामनं तारखा धरल्या, परवानगी काढली, भिंती रंगवल्या, हँडबिलं वाटली. रविवारी फायनल. आणि आठवड्याभरात गावाहून निरोप आला. दत्तारामच्या गावच्या देवीच्या जत्रेची तारीख कॅलेंडर बघून ठरत नाही. देवीला कौल लावायचा, ती सांगेल तो दिवस. देवीनं सांगितलं: सोमवार. फायनलचा दुसराच दिवस!

वाट लागली. दत्तारामचा निम्मा प्रेक्षक त्याच पंचक्रोशीतला. शनिवारी रात्रीच्या एस.टी.च्या गाड्या भरून निम्मी चाळ कोकणात निघणार. आत्या चालल्या, मावश्या चालल्या, पाच भाऊ आणि सासुरवाडी, सगळं चाललं. गोरेगावच्या संघाचा लहू म्हणून एक चढाईवाला होता, चोवीस वर्षांचा, पाण्यासारखा खेळायचा. त्याचं अख्खं घर चाललं होतं आणि हा एकटा खेळायला मागे राहणार होता.

विमलानंही पिशवी भरली. "देवीक काय सांगू? घोव कबड्डीत अडाकलो म्हणान सांगू?"

"सांग," दत्ताराम कपाळाला हात लावून म्हणाला. "आणि तिका विचार, माझ्यावर एवढो राग कसलो?"

पण रडत बसेल तो दत्ताराम कसला! आपली माणसं नाहीत ना, मग दुसऱ्याची आपली माणसं आणायची. कारखान्यात वेसाव्याचा एक जण होता, त्याच्या तोंडून त्यानं ऐकलं होतं की तिथल्या कोळीवाड्यात मुलींचा संघ आहे आणि झकास खेळतो. दत्तारामनं बस धरली आणि थेट वेसाव्याचा मासळी बाजार गाठला. मुलींच्या संघाची सूत्रं सुंदराबाईच्या हातात होती. कप्तान मंजुळा ही तिची भाची. सुंदराबाई पापलेटांच्या राशीमागे अशी बसली होती की गिऱ्हाइकानं भाव करायच्या आधीच माफी मागावी.

दत्तारामनं सगळं सांगितलं. मुलींचा एक सामना, आमच्या चाळीतल्या मुलींशी. कोळीवाड्याला पास फुकट.

"फुकाट?" सुंदराबाईनं पाण्याचा हबका मासळीवर मारला. "फुकाट देतंस म्हंजे माल खराब हाय."

वर्षानुवर्षं पास वाटणाऱ्या मंडळाला जे कळलं नव्हतं ते हिनं एका हबक्यात सांगितलं होतं. पुढच्या तीन ओळी पासवाल्या पाहुण्यांच्या, गुबगुबीत खुर्च्यांच्या, आणि दर वर्षी त्याच रिकाम्या.

"तिकीट दोन रुपये," तो म्हणाला.

"दोनशे तिकिटं घेतंय. दीड लाव."

"पावणेदोन."

"दीड. आन् पुरंच्या खुर्च्या आमच्या."

पुढच्या खुर्च्या! त्या द्यायला दत्ताराम कोण? तिथे नगरसेवक बसणार, बँकेचे साहेब बसणार. पण समोर दोनशे माणसं होती, जितीजागती, गळा असलेली. "दिल्या," तो म्हणाला आणि मनात म्हणाला, मेलो.

"दिवस कुटचा? रयवार? त्या दिशी अष्टमी हाय," सुंदराबाईनं बोटांवर हिशेब केला. "दर्याला भांग. पान्याला जोर नाय, होड्या किनाऱ्याला. बापये पन येतील." देवीनं घेतलं ते समुद्रानं परत केलं म्हणायचं.

रविवारी दुपारी चारला टेम्पोमागून टेम्पो आला. बायका दागिने घालून आल्या, बाप्ये लाल टोप्या घालून, म्हाताऱ्या नातवंडं कडेवर घेऊन. मावले तेवढे सरळ जाऊन पुढच्या खुर्च्यांवर बसले, बाकीचे गॅलरीत चढले. विद्याधररावांच्या सफारीला घाम फुटला. "अरे, पाहुण्यांच्या खुर्च्या त्या!"

"हेच पाहुणे," दत्ताराम म्हणाला. "तिकीट काढून आलेत. तुमचे अजून निघायचेत."

मुलींचा सामना असा रंगला की बाहेरून जाणारी माणसं आवाज ऐकून तिकीट काढून आत आली. मंजुळानं एका चढाईत तिघींना बाद केलं आणि सुंदराबाईनं आरोळी ठोकली ती बहुतेक वेसाव्यापर्यंत गेली असेल. कोळीवाडा जिंकला. चाळीतल्या मुली रडल्या, मग मंजुळाबरोबर सरबत पिऊन हसल्या. सगळं कसं छान चाललं होतं.

आणि मग दत्तारामला आपला गाढवपणा दिसला. पाहुण्यांचं पान आधी वाढायचं, ही कोकणातली रीत. त्या रीतीनं त्यानं कोळीवाड्याचा सामना आधी ठेवला होता. पाहुणे जेवले होते! आता कशाला थांबतील? फायनल होती गोरेगाव विरुद्ध मुलुंड. दोन्हीकडचं त्यांना कोण लागतं? त्यात घड्याळात साडेपाच, सिनेमाची वेळ. एक खुर्ची सरकली, दुसरी सरकली. "चला गो, पिच्चर लागंल," कुणी तरी म्हणालं, आणि पुढची अख्खी ओळ पदर सावरत उभी राहिली. विद्याधररावांनी दत्तारामला बोटानंच ती ओळ दाखवली.

दत्तारामचंच शास्त्र त्याच्या समोर उठून चाललं होतं. माणूस आपल्या माणसाला बघायला येतो. आपलं माणूस संपलं, माणूस चालला. मग करायचं काय? आपलं माणूस आता आणायचं कुठून? संघ तर मैदानात उतरत होते.

त्यानं व्यासपीठावर चढून समालोचकाच्या हातातून माईक ओढला.

"हा बघा, गोरेगावचा लहू!" तो ओरडला. "पहाटे चारला दुधाच्या गाडीवर क्रेट उतरवतो. बाप गिरणीत होता, गिरणी बंद. ह्याच्या चढाईला सगळी मुंबई टरकते, पण घरात धाकटी बहीण डोळे वटारते तर हा गप्प! आणि तो पलीकडचा, मुलुंडचा धर्मा. ह्याची पकड सुटत नाही. पुढच्या महिन्यात लग्न आहे. होणाऱ्या बायकोनं सांगितलंय, तोंडावर खरचटलं तर हार घालणार नाही!"

हशा पिकला. उभी राहिलेली ओळ उभीच राहिली, पण तोंडं मैदानाकडे वळली.

"कुटची रं पोरगी?" सुंदराबाईनं खालून विचारलं.

"भांडुपची!"

"मंग तोंड सांबाल रं धर्मा!" कुणी म्हातारी किंचाळली आणि खाली बसली.

दत्ताराम थांबलाच नाही. चौदा जणांचं त्याला ठाऊक होतं, कारण नाव नोंदवताना त्यानं प्रत्येकाच्या आत्या-मावश्या विचारल्या होत्या. कुणाची आई मेस चालवते, कुणाचा भाऊ गोदीत आहे, कोण नापास होऊन चौथ्यांदा बारावीला बसलाय. एकेक नाव घेतलं की एकेक बाई खाली बसत होती. पाच मिनिटांत कोळीवाड्याची वाटणी झाली: अर्धा लहूचा, अर्धा धर्माचा. सिनेमा गेला खड्ड्यात!

शेवटच्या चढाईला मुलुंड एका गुणानं पुढे. लहू गेला. गॅलरीत मुंगी शिरायला जागा नव्हती. त्यानं एकाला हात लावला आणि उलटला, तोच धर्मानं घोटा धरला. लहू पडला, सरपटला, मध्यरेषा हातभर राहिली. "ये रं लहू, ये!" अर्धं मैदान उभं राहून हाका मारत होतं. बोटं पुढे गेली, आणखी पुढे गेली, आणि दम सुटला. रेषा वीतभर दूर राहिली.

मुलुंड जिंकलं. जो गजर झाला त्यात कोण कुणासाठी ओरडतंय हे कळेना. विद्याधरराव गॅलरीकडे, मग खुर्च्यांकडे बघत जवळ आले आणि म्हणाले, "राहील रे कबड्डी." दत्ताराम डोळे पुसत होता. माईक त्याच्या हातात चालूच होता आणि त्याचं नाक ओढणं सगळ्या अंधेरीला ऐकू जात होतं.

मैदानात लहू अजून मातीतच बसला होता. सुंदराबाई दोरी ओलांडून आत गेली, पदरानं त्याच्या गुडघ्याचं रक्त पुसू लागली.

"आई कुटं बसली रं तुजी? बोलाव तिला."

"गावाला गेली, मावशी. जत्रेला. घरचं कुणीच नाही आज."

सुंदराबाईचा हात थांबला.

"मंग आदी सांगायचा ना रं मेल्या," ती म्हणाली. "मी आजून जोरान वरडली असती."