डबल सीटची हवा

मोटारसायकलचा मागचा टायर पार गुळगुळीत झाला होता. दुकानदाराने दोन नवे टायर पुढे ठेवले. "गाडी जुनी आहे, काका. एकटेच फिरता ना? मग हा स्वस्तातला बास झाला. डबल सीट असेल तर तो जाड घ्या."

मी स्वस्तातला घेतला. आम्ही दोघं एकाच शाळेत मास्तर होतो तेव्हा वर्षानुवर्षं मागे वसंता बसायचा. त्याचं निम्मं बोलणं वाऱ्यावर जायचं. मी न ऐकताच "हो" म्हणायचो. निवृत्तीनंतर तो मुलाकडे बंगळूरला गेला. फोन करतो. फोनवर सगळं स्वच्छ ऐकू येतं आणि दोघांनाही फारसं सुचत नाही. एखाद्या मैत्रीला मधे थोडा वारा लागत असावा.

चाक बसवून दुकानदाराने हवेची नळी लावली. "सिंगलची भरू की डबलची?"

"डबलची," सवयीने तोंडातून गेलं. मग दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

एकट्या माणसाखाली असं जास्त हवेचं चाक टणक लागतं, रस्त्यावरचा खडान्‌खडा पाठीत येतो. ओढ्याजवळच्या खड्ड्यात गाडी उसळली, तसा मागे न बघता मी म्हणालो, "धरून बस रे."