वेलचीचा वास लागलेला खल

त्या दिवशी दुपारी माझा नवरा गेला. दुबईत, अल क्वोजमधल्या फार्मसीत, काउंटरच्या आत. पहिला फोन त्याच्या मित्राला गेला, दुसरा मला.

मी पोचले तेव्हा मित्र हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभा होता. तो रत्नागिरीकडचा, माझ्या नवऱ्याचा फार्मसी कॉलेजातला वर्गमित्र, आणि इथेही फार्मासिस्टच. "वहिनी, बसा," म्हणाला. मग म्हणाला, "गेल्या आठवड्यात मला बोलला होता, छातीत भरून येतं. मी म्हटलं, ईसीजी काढून घे. तर म्हणाला, इन्शाल्ला, स्टॉकचं काम संपू दे."

मला तो यातलं काहीच बोलला नव्हता. तो गेला हे मनात नीट उतरायच्या आधी हे उतरलं. या भावनेला मत्सर याहून बरा शब्द मी शोधला. मी शाळेत ग्रंथपाल आहे, शब्द शोधायची सवय आहे. पण सापडला नाही.

हा मत्सर नवा नव्हता. दुबईत त्यांच्या कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांचं एक मंडळ आहे. त्याला ते बंधुमंडळ म्हणतात. बायकाही त्यात आहेत, आणि त्याही एकमेकींना बंधूच म्हणतात. प्रवेशाच्या दिवशी प्रत्येकाला चिनी मातीचा पांढरा खल आणि बत्ता मिळतो. त्या खलात स्वयंपाकघरातलं काही कुटायचं नाही, हे सगळ्यांसमोर कबूल करून घेतात. आणि प्रत्येकाला एक 'दुसरी नजर' देतात. फार्मसीत एकाने काढलेलं औषध दुसऱ्याने तपासल्याशिवाय खिडकीबाहेर जात नाही. तसंच आयुष्यातलं काहीही दुसऱ्या नजरेला दाखवल्याशिवाय पक्कं करायचं नाही.

माझ्या नवऱ्याची दुसरी नजर म्हणजे हा मित्र. रोज संध्याकाळी नवरा बाल्कनीत उभा राहून त्याच्याशी बोलायचा. मनखूलमधल्या आमच्या घराची बाल्कनी एवढीशी, दोन कुंड्या आणि एक माणूस मावेल इतकी. काचेच्या आतून मला त्याचं हसणं दिसायचं, ऐकू यायचं नाही. मुलीचं नाव आम्ही दोघांनी ठरवलं, असं मी समजत होते. मग बारशाला मित्र सहज म्हणाला, "मीच म्हटलं, हेच ठेव, फोनवर नीट ऐकू येतं." सगळे हसले. मीही हसले.

तेराव्यानंतर मित्राचा फोन आला. गेलेल्या बंधूचा खल मंडळात परत येतो आणि सगळ्यांत नव्या सभासदाला दिला जातो, अशी रीत आहे. "रविवारी आणाल ना, वहिनी? जड जात असेल तर मी येऊन नेतो."

"मी आणते," म्हटलं.

मुलगी ऐकत होती. "आई, जस्ट से नो."

"असं नाही म्हणता येत गं."

"व्हाय नॉट? इट्स अवर्स."

मला नेमकं हेच ठाऊक नव्हतं, की तो आमचा आहे का. नवऱ्याचं सगळं काही आधी त्यांच्याकडे जायचं, मग माझ्याकडे यायचं. निदान ही एक वस्तू माझ्या ओट्यावर असायची. खल मी साबणाने घासला, पुसला, त्याच्याच जुन्या पांढऱ्या कोटात गुंडाळला.

सभा घराजवळच्याच एका रेस्टॉरंटच्या वरच्या हॉलमध्ये होती. लोक एकेक करून आठवणी सांगत होते. त्यांच्या एका सीनिअरने सांगितलं, "याने फर्स्ट इयरला मलम केलं होतं. इतकं घट्ट, की सरांनी त्या मलमानेच लॅबच्या खिडकीची काच बसवून घेतली."

"आणि ती काच अजून हलली नाही," मागून कोणीतरी म्हणालं.

हॉल हसला. ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. मी पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिले.

मग मित्राने माझ्याकडून खल घेतला. नव्या सभासदाला देण्याआधी दुसऱ्या नजरेने तो तपासायचा असतो, तडा आहे का, डाग आहे का. त्याने तो दिव्याकडे धरून फिरवला. मग नाकाजवळ नेला आणि थांबला.

"वहिनी, यात वेलची?"

मला तो वास येतच नव्हता. इतक्या वर्षांत सवय झाली होती. मी म्हटलं, "चहाची. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा घरात कुटायला काही नव्हतं. याने शोकेसमधून हा काढला. तेव्हापासून रोज सकाळी तोच यात वेलची कुटायचा. कोणाला सांगू नकोस म्हणायचा. मला वाटायचं, थट्टा करतो."

सीनिअर म्हणाले, "खलास. हा आता पुढे देता येणार नाही. बिनझिलईचा असतो ना आतून, वास धरतो." ते रागाने बोलले नाहीत, नियम सांगावा तसं बोलले.

मित्र अजून खल धरून उभा होता. "मला नाही बोलला कधी," तो म्हणाला. "रोज फोन व्हायचा. हे नाही बोलला."

त्याचा चेहरा मी ओळखला. बाल्कनीच्या काचेच्या आत उभं राहिल्यावर तसा होतो. मला बरं वाटलं. त्याबद्दल वाईटही वाटलं, पण आधी बरं वाटलं.

"यल्ला, जेवून घ्या, थंड होतंय," कोणीतरी म्हणालं आणि लोक उठले.

जिन्यात मित्राने खल माझ्या हातात दिला. बत्ता त्याच्याकडेच राहिला होता. तो त्याने लगेच दिला नाही.

"वहिनी, हा तेवढा मी ठेवू?"

मला बाल्कनीतल्या त्या सगळ्या संध्याकाळी आठवल्या. नाही म्हणायला मला अगदी सोपं होतं. "ठेवा," म्हटलं.

खल आता ओट्यावर, पूर्वीच्याच जागी आहे. बत्ता त्याच्याकडे आहे. चहाची वेलची मी दाताने फोडते.