पक्की शिवण

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी पळायला लागले आणि त्याचं खरं कारण कुणालाच सांगितलं नाही. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. तिथल्या बायकांना शुगर सांगितली, शेजारणीला वजन सांगितलं. नवऱ्याला काहीच सांगितलं नाही. त्यांनी आपल्या मनाने एक कारण ठरवलं आणि मी ते खोडून काढलं नाही.

खरं कारण खोकला होतं. ह्यांची फुप्फुसं कडक होत चालली होती. तीस वर्षं उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यांत शिलाई मशीनवर बसलेला माणूस. तिथल्या धुरळ्याने झालं की आणखी कशाने, ते डॉक्टरांनी नक्की सांगितलं नाही. बरं होणार नाही, एवढं मात्र नक्की सांगितलं. पहाटे पाचला खोकला सुरू व्हायचा तो सातपर्यंत. अंबरनाथला आमच्या दोनच खोल्या. स्वयंपाकघराचं दार लावलं तरी तो ऐकू यायचा, नळ मोठा सोडला तरी यायचा. एका सकाळी मी चपला घातल्या आणि सरळ बाहेर पडले. शिवमंदिरापर्यंत चालत गेले आणि तिथे एकदम पळतच सुटले, ओढणी कमरेला बांधून. शंभरेक पावलांत धाप लागली. त्या धापेत मला माझ्याशिवाय कुणाचाच श्वास ऐकू येईना. इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली.

घामाघूम होऊन घरी आले, तर हे खूश. म्हणाले, "बरं केलंस. दोघांतल्या एकाची तरी फुप्फुसं धड पाहिजेत." त्यांना वाटलं, मी त्यांच्या आजाराकडे बघून शहाणी झाले. मी चहा ठेवला.

मग बूट घ्यायचे ठरले. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये रिक्षाने जाऊ, असा त्यांनी हट्टच धरला. दुकानदार सिंधी, जुन्या ओळखीचा. त्याने विचारलं, कोणासाठी? भाभी पळणार आहे, असं ह्यांनी म्हटल्यावर त्याने माझ्याकडे एकवार नीट बघितलं आणि सभ्य माणसासारखा गप्प बसला. मी बूट पायात घालून बघत होते आणि हे ते काढून घेऊन उलटेपालटे करत होते. बूट मला होतोय की नाही हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिची शिवण बघायची, ही त्यांची खोडच. चार जोड नापास केले, पाचवा पास केला. तो मला बोटांत जरा घट्टच होता. बाजारात ते गेले ते तेवढंच शेवटचं.

सहा महिने मी पळत होते. बदलापूरला दहा किलोमीटरची शर्यत होती, बारवी धरणाच्या रस्त्यावर. नव्वद मिनिटांत पूर्ण करायची. नाव मीच दिलं, भरात येऊन. रविवारी मी बदलापूरला जाऊन त्याच रस्त्यावर सराव करायचे. एकदा डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई समोरून आली. थांबून म्हणाली, "बाय, मागं कोन लागलाय का?" मी हसले आणि पळत राहिले. खूप पुढे गेल्यावर रडू आलं.

रोज घरी आल्यावर हे विचारायचे, आज किती मिनिटं? माझी मिनिटं कमी होत नव्हती, त्याची त्यांना काळजी लागून राहिली होती. शेवटी दम कमी पडतो का, पाणी मध्ये पितेस का, पावलं लहान टाकून बघ. हे सगळं तो माणूस सांगत होता, ज्याला मोरीपर्यंत जायला भिंत धरावी लागायची. मिनिटं कमी होणार कशी? परत येताना मी देवळाच्या पायऱ्यांवर दहा-दहा मिनिटं नुसती बसून राहायचे. घरी जायचं जिवावर यायचं. हे मी आज लिहितेय, तेव्हा कबूलही केलं नव्हतं.

शर्यतीच्या चार दिवस आधी मोबाइलवर एक लिंक आली. शेवटची रेषा ओलांडली की तुमचं नाव आणि वेळ तिथे लगेच दिसेल, असं त्यात होतं. ह्यांनी ती आपल्या फोनवर घेतली. मला म्हणाले, "दहावीच्या निकालानंतर आपल्या घरात कुणाचं नाव कुठे लागलेलं नाही. तुझं लागलेलं मला बघायचंय." मग त्यांना तेच एक वेड लागलं. दिवसातून दोनदा ती लिंक उघडून बघायचे.

आदल्या दिवशी मी नंबर घेऊन आले. छातीवर लावायचा कागदासारखा नंबर, टी-शर्ट आणि पुडीत चार सेफ्टी पिना. पिना बघून त्यांनी तोंड वाकडं केलं. पिना कच्च्या कामाला, म्हणाले, मशीन असलेल्या घरातून पिना लावून कुणी बाहेर पडतं का? मशीनवरचं कापड आठ महिन्यांत काढलं नव्हतं. हल्ली दिवसभर नाकात असायची ती ऑक्सिजनची नळी तशीच ठेवून ते बसले. जीन्सच्या खिशाला घालतात तो जाड दोरा ओवला. पाच मिनिटांचं काम, अर्धा तास चाललं. एक बाजू झाली की थांबायचे, डोळे मिटून श्वास गोळा करायचे, मग दुसरी बाजू. नंबराच्या मागे एक पातळ पट्टी चिकटवलेली होती. ती सुटली तर पंचाईत, म्हणून तिच्यावरूनही दोन टिपा मारल्या. मी शेजारी उभी होते. पट्टी दुमडू नये, असं सूचनांच्या कागदावर मी वाचलं होतं. पण दुमडली कुठे होती?

दुसऱ्या दिवशी मी पळाले. आठव्या किलोमीटरला वाटलं, आता बसावं. पण घरी एक माणूस फोन हातात धरून बसलाय, हे डोळ्यांपुढून हलेना. शेवटच्या कमानीवरच्या घड्याळात चौऱ्याऐंशी मिनिटं झाली होती. कुणीतरी माझ्या गळ्यात पदक घातलं. मी रस्त्याच्या कडेला बसून लिंक उघडली. माझ्या नंबरासमोर काहीच नव्हतं. टेबलावर जाऊन विचारलं, तर तिथल्या मुलीने माझा नंबर जवळून बघितला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मॅडम, चिप के ऊपर से सिलाई मारी है किसी ने." टीप मारताना त्या पट्टीतली तार तुटली होती, म्हणून माझी वेळ नोंदलीच गेली नव्हती. मेल करा, फोटो बघून आम्ही वेळ टाकू, असंही ती म्हणाली.

रिक्षात बसल्यावर मी पदक काढून पर्समध्ये टाकलं. आठ महिन्यांनी माणूस मशीनवर बसला होता. त्याचीच शिवण आडवी आली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? घरात शिरले तर फोन त्यांच्या हातातच होता. चेहरा उतरलेला. मी म्हटलं, "आठ किलोमीटरला पायात गोळा आला. थांबले मी."

त्यांनी फोन बाजूला ठेवला. तेलाची वाटी मागितली आणि विचारलं, कुठला पाय? मी उजवा पुढे केला. नाकात नळी, धाप लागलेली, आणि ते माझी पोटरी चोळत बसले. बोटांत अजून चांगली ताकद होती. पुढच्या वर्षी होईल, म्हणाले.

मी मेल केली नाही. नाव लागलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं. आता वाटतं, मी काय केलं हे? तीस वर्षं त्यांचे पीस रिजेक्ट होऊन परत यायचे. चुकीच्या शिवणीचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. उसवायची आणि परत मारायची. खरं सांगितलं असतं तर हसले असते, स्वतःलाच चार शिव्या घातल्या असत्या आणि पदक गळ्यात घालून बसले असते. त्यांना हवं होतं ते माझ्या पर्समध्ये होतं आणि मी चेन लावून घेतली. सहा महिने ह्यांच्या खोकल्यापासून पळाले होते. निदान त्यांची चूक तरी आपल्या अंगावर घेऊ, असंही मनात असेल.

तीन महिन्यांनी त्यांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. आता सांगायचंच, असं ठरवून मी पदक पर्समध्ये घेऊन गेले. पलंगाशी बसले, चेन उघडली. त्यांनी तोंडावरचा मास्क जरासा वर केला. मला वाटलं, पाणी हवंय. मी वाकले.

"पाय बरा आहे ना आता?" त्यांनी विचारलं.

नर्स मास्क नीट बसवायला आलीच होती. मी म्हटलं, "बरा आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. मी अजून पळते. घरात आता पहाटे पाचला काही ऐकू येत नाही, तरी पाचलाच निघते आणि देवळाच्या पायऱ्यांवर न बसता सरळ घरी येते. आले की काही मिनिटं उजवी पोटरी तेल लावून चोळते. तिला कधी काहीच झालेलं नव्हतं.