फाटक लावायची वेळ

अक्षर वेडंवाकडं आहे, चुकाही बऱ्याच असतील. कुणाच्या हाती पडलं तर माफ करा.

आमच्या छोट्या गाडीच्या फाटकाला गेटमन नव्हता. गाडी थांबायची, गार्डदादा उतरून फाटक लावायचे. गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, ते फाटक उघडून परत चढायचे. तेवढ्यात ते मला आईचं गाठोडं द्यायचे. माझं माहेर याच रुळांवर. गाठोड्यात कधी तुरीच्या शेंगा, कधी नुसत्या वाती. ते आलं की आई बरी आहे, असं समजायचं.

पावसाळ्यापासून गाडी बंद आहे. रूळ कायमचे काढायचे का, हे ठरवायला काल रेल्वेचे साहेब गावच्या सभेला आले. म्हणाले, "गाडीत कोण कोण बसायचं?"

"माझी म्हैस तिच्याआधी पोचायची, साहेब!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

मी पदर सावरत उठले. "मी नव्हते बसत. माझ्या आईचं गाठोडं यायचं."

"म्हणजे प्रवासी नाही," साहेब म्हणाले. त्यांनी काही लिहून घेतलं नाही.

भाऊ सांगतो, आई अजून गाठोडं बांधून स्टेशनावर जाऊन बसते. घरी चल म्हटलं की म्हणते, "उशीर झालाय रे तिला. येईल."

आज गाडीच्या वेळेला मला राहवलं नाही. जाऊन फाटक लावलं. शेजारचे नामदेवभाऊजी बैलगाडी घेऊन आले नि थांबले.

"काय वहिनी, येतेय का?"

भाऊजींनी रिकाम्या रुळांकडे पाहिलं आणि कासरा ओढून धरला.

बैलांनी मात्र कान टवकारले होते.