हरणाऱ्याने वांगी भाजायची

समस्त खान्देशवासीयांस अत्यंत जबाबदारीने कळविण्यात येते की, जळगाव आणि धुळे येथील दोन कॉलेजांमध्ये दर हिवाळ्यात होणाऱ्या व्हॉलीबॉल सामन्याला काही अर्थ उरला आहे की नाही, या प्रश्नाचा निकाल लागलेला आहे. निकाल मी दिला. पंच मी होतो. मला पंच करण्याचे एकमेव कारण म्हणजे शिट्टी माझी स्वतःची आहे.

हा सामना होतो तेव्हा विद्यापीठाच्या सगळ्या स्पर्धा आटोपलेल्या असतात. कुणाला प्रमाणपत्र नाही, गुण नाहीत, पेपरात फोटो नाही. आहे ती फक्त एक अट, आणि ती माझ्या तरुणपणापासून चालत आली आहे: हरणाऱ्या संघाने वांगी भाजून भरीत करायचे आणि जिंकणाऱ्यांना पंगतीत बसवून वाढायचे.

आता यातली खरी अडचण सांगतो. आमच्या जळगावच्या, म्हणजे असोद्याच्या आसपासच्या पोरांना भरीत जमते. धुळ्याच्या त्या कॉलेजातल्या पोरांना ते कधीही जमलेले नाही. म्हणजे जळगाव हरले तर दोन्ही संघ पोटभर जेवतात आणि जळगाव जिंकले तर सगळेच उपाशी. आम्ही खेळायचो तेव्हाही शेवटच्या सेटला आमच्या पायांत एक गोड मरगळ यायची. मुद्दाम हरलो असे मी कधी म्हणणार नाही. पण कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचा धूर नाकात गेला की चेंडू फार लांब वाटायला लागायचा, हे खरे.

यंदा सामना असोद्याजवळ, केळीच्या बागेला लागून असलेल्या मोकळ्या वावरात होता. आमचा सगळ्यात चांगला स्मॅशर आला, पण चप्पल घालून. आठ दिवसांवर त्याची पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती.

"पाय मुरगळला तर जन्मभर वांगीच भाजू का, भाऊ?" असे मला विचारून तो खुर्चीत बसला आणि गुण लिहू लागला.

उरला आमचा कॅप्टन. उंचीने बेताचा, कॉलेजचे शेवटचे वर्ष. आधीचे तीनही सामने तो हरला होता आणि तीनही वेळा त्याच्या हातचे भरीत खाऊन धुळ्याची पोरे तृप्त झाली होती. ती त्याला कॅप्टन म्हणतच नसत. जाळीपलीकडून हाक यायची, "काय आचारी, तेल लाव ना वांगासले!" तो हसायचा नाही. सकाळी जाळी बांधताना मला एवढेच म्हणाला, "भाऊ, एकदा मले बसून जेवायचं हाये."

दोन सेट झाले, एक-एक. शेवटचा सेट सुरू झाला तसे आमच्या जुन्या क्रीडाशिक्षकांनी, म्हणजे नानांनी, निखारे वेळेवर तयार असावेत म्हणून पऱ्हाट्या पेटवल्या. धूर आधी उभा राहिला, मग आडवा झाला आणि मैदानावर पसरला. उन्हाला दुधासारखा रंग आला. केळीची पाने हलत होती, पण आवाज कुठून तरी दुरून आल्यासारखा. पोरे उड्या मारत होती आणि खाली यायला विसरत होती. माझेच तेवीस वर्षांचे रूप त्या धुरातून पळत येईल आणि माझ्या पोटाकडे बघून हसेल, असे मला एकदा अगदी खरे वाटले.

चौदा-तेरा. आम्हाला एक गुण हवा होता. नाना माझ्या स्टुलाजवळ येऊन पुटपुटले, "जपून हो. मागे धुळ्याच्या पोरांनी वांग्यांचा कोळसा केला होता. वांगी माझ्या वावरातली आहेत."

कॅप्टनने स्वतःच उडी मारून चेंडू हलकेच मागच्या कोपऱ्याकडे ढकलला. बाहेर जाणार म्हणून धुळ्याच्या पोरांनी तो सोडला. चेंडू धुरात शिरला, तिथे थोडा वेळ राहिला, आणि खाली आला. रेषेवरची चुन्याची चिमूटभर भुकटी उडाली. ती फक्त मला दिसली.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला सपाटून भूक लागली होती. लसूण-मिरचीचा ठेचा, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, सगळे डोळ्यांसमोर फेर धरून नाचले. नाना मान आडवी हलवत होते. कॅप्टन तेवढा माझ्याकडे बघत नव्हता. कमरेवर हात ठेवून तो जमिनीकडे बघत होता, जणू आता कुठल्या वांग्याला हात घालायचा ते ठरवत होता.

मी शिट्टी वाजवली आणि हात खाली दाखवला. चेंडू आत.

पुढचा तासभर धुळ्याच्या पोरांनी आगीशी झटापट केली. वांगी थेट जाळात टाकली, घाईने उलटली, मग डोळे पुसत ठेचली. बाहेरून काळी, आतून करकरीत. केळीच्या पानांवर ते भरीत वाढले गेले. धुळ्याच्या सरांनी एक घास घेतला आणि ते आपल्याच पोरांना म्हणाले, "हाई काय खावानं शे?"

कॅप्टन मधोमध मांडी घालून बसला होता. त्याने पान चाटूनपुसून रिकामे केले होते. वाढणारे पोर पुढे सरकणार, तसा तो मोठ्याने बोलून गेला, "कच्चं हाये, पन वाढ अजून."